मर्टलला कुणी विचारलंच नाही! हॅरी पॉटरमधलं जर-तर कसं करायचं, नव्या लोकांसाठी

सातही पुस्तकं वाचून झालीयत, पिक्चर कितीदा बघितले त्याचा हिशोब नाही, आणि तरी डोकं शांत बसत नाही, म्हणजे सिरियसने ऐनवेळी सीक्रेट कीपर (हॅरीच्या आईबापांच्या लपायच्या जागेचं गुपित सांभाळणारा) बदलला नसता तर काय झालं असतं, व्होल्डेमॉर्टने हॅरीच्या ऐवजी नेव्हिलचं घर गाठलं असतं तर काय, असले प्रश्न रात्री झोपताना येतात. तुमचं असं होत असेल तर हे वाचा. आपल्याकडे महाभारतावरून हे पिढ्यानपिढ्या चाललंय, कुंतीने कर्णाला वेळेवर सांगितलं असतं तर यावरून घराघरात वाद झालेत, त्यामुळे जर-तर करणं आपल्याला शिकवावं लागत नाही, पण चांगलं जर-तर करणं, म्हणजे समोरचा वाचून म्हणेल की अरे हो, खरंच की, याला थोडी पद्धत लागते. (सगळी गोष्ट फुटणार आहे इथं, सातवं पुस्तक राहिलं असेल तर आधी ते संपवून या.)

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. नवीन लोक हमखास हॅरी, डंबलडोर, स्नेप यांच्यापासून सुरू करतात, आणि तिथं सगळं इतकं चघळून झालंय की नवीन काही हाताला लागत नाही. त्याऐवजी असं पात्र शोधा ज्याच्याकडे माहिती होती पण ज्याला कुणी विचारलंच नाही. या पुस्तकांत अशी माणसं (आणि भुतं, आणि घरगडी एल्फ) इतकी आहेत की मला तर वाटतं अख्खी गोष्ट त्यांच्याच गप्प बसण्यावर उभी आहे.

पायरी १: काय धरायचं ते आधी ठरवा

हे कंटाळवाणं आहे पण केल्याशिवाय पुढे जाऊ नका. मूळ पुस्तकं सात, १९९७ ते २००७. पिक्चर आठ, २००१ ते २०११. मग २०१६ चं नाटक, आणि लेखिकेने नंतर वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलेलं-सांगितलेलं. यातलं खरं काय मानायचं, म्हणजे तुमचं कॅनन काय, हे एका ओळीत लिहून ठेवा. मी फक्त सात पुस्तकं धरते आणि खाली सगळं त्याच हिशोबाने आहे. मराठी अनुवाद वाचला असेल तरी चालतं, फक्त एखाद्या शब्दावरून वाद घालायचा असेल तर इंग्रजी पान एकदा बघून घ्या.

हे का महत्त्वाचं ते बघा. चौथ्या गोष्टीत हॅरीला तळ्याखाली तासभर राहायचं असतं आणि त्यासाठी गिलीवीड (पाण्यात श्वास घेऊ देणारी वनस्पती) लागतं. पिक्चरमध्ये ते त्याला नेव्हिल देतो. पुस्तकात डॉबी देतो. एवढासा फरक वाटतो ना, पण पुस्तकात त्यामागे काय आहे ते आठवा: खोट्या मूडीने (शिक्षकाचं सोंग घेतलेला व्होल्डेमॉर्टचा माणूस) मुद्दाम नेव्हिलला पाणवनस्पतींचं पुस्तक देऊन ठेवलेलं असतं, उत्तर नेव्हिलच्या खोलीतच पडलेलं असतं, आणि शेवटी तो पकडला गेल्यावर स्वतःच सांगतो की मला वाटलं होतं तू सगळ्यांना विचारशील, नेव्हिलने एका क्षणात सांगितलं असतं, पण तू विचारलंच नाहीस. हॅरी लायब्ररीत रात्र-रात्र जागतो आणि त्याच डॉर्मिटरीत झोपणाऱ्या मुलाला विचारत नाही, कारण नेव्हिलला काही येत असेल हे त्याच्या मनातच येत नाही. पिक्चरवाल्याला हे जर-तर दिसणारच नाही, कारण तिथं विचारणं झालेलंच आहे.

पायरी २: न विचारलेला माणूस शोधा

पुस्तक परत वाचताना पेन्सिल हातात घ्या, मोबाईलवर वाचत असाल तर हायलाइट करा. काय काय खुणा बघायच्या:

कुणाला तरी साधा प्रश्न विचारल्यावर त्याचा चेहरा खुलतो, जणू आजवर कुणी विचारलंच नव्हतं. कुणीतरी खोलीत हजर आहे पण बोलणारे त्याला मोजत नाहीत, यात एल्फ, भुतं, भिंतीवरची चित्रं आली, आणि हो, रॉनचा उंदीर पण आला, पीटर पेटिग्र्यू उंदराच्या रूपात १२ वर्षं वीझलींच्या घरात राहून सगळं ऐकत होता. कुणीतरी अर्धं वाक्य बोलतं आणि दुसरा कुणीतरी त्याला गप्प करतो. आणि सगळ्यात भारी खूण म्हणजे एखाद्या पात्राला जे माहीत असायला नको ते माहीत असतं. पाचव्या पुस्तकाच्या सुरुवातीला जादू न येणाऱ्या पेट्युनिया मावशीला डिमेंटर (जादूगारांच्या तुरुंगाचे पहारेकरी) म्हणजे काय हे माहीत असतं, ती म्हणते त्या भयंकर मुलाने तिला (बहिणीला, म्हणजे हॅरीच्या आईला, लिलीला) सांगताना ऐकलं होतं, आपण समजतो हॅरीचा बाप जेम्स, आणि दोन पुस्तकांनी कळतं तो स्नेप होता. एका वाक्यात केवढं लपवलंय बघा, आणि हॅरी जवळपास १४ वर्षं त्या बाईच्या घरात राहून त्याने कधी विचारलं नाही. त्याची चूक नाही, त्या घरात प्रश्न विचारायचे नाहीत हा पहिलाच नियम होता, पण जर-तर करणाऱ्यासाठी ही खाण आहे.

पायरी ३: पुरावे एका जागी आणा (इथं वेळ घालवा)

आता एक उदाहरण पूर्ण करून दाखवते, मर्टलचं, कारण यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

मर्टल म्हणजे मुलींच्या बाथरूममध्ये रडणारं भूत. पहिल्यांदा वाचताना आपण तिला विनोदी पात्र समजून पुढे जातो. पण दुसऱ्या पुस्तकाचा सगळा गुंता एका खुनाभोवती आहे, ५० वर्षांपूर्वी चेंबर (शाळेतली गुप्त खोली) उघडलं, एक मुलगी मेली, टॉम रिडलने (म्हणजे शाळकरी व्होल्डेमॉर्टने) हॅग्रिडला पकडून दिलं, हॅग्रिडला तिसऱ्या वर्षात शाळेतून काढलं. आणि मेलेली मुलगी त्याच शाळेत भूत होऊन राहते! म्हणजे खून झालाय, जिचा झालाय ती समोर आहे, बोलते, भरपूर बोलते, आणि ५० वर्षं तिला कुणी विचारत नाही की बाई तू मेलीस कशी. शेवटी हॅरी विचारतो, आणि तिथं लिहिलंय की तिचं रूपच पालटलं, इतका मान देणारा प्रश्न तिला कधी कुणी विचारलाच नव्हता अशी ती दिसायला लागली.

आता ती काय सांगते ते मोजा. ऑलिव्ह हॉर्नबीने चष्म्यावरून चिडवलं म्हणून ती आत दार लावून रडत होती. कुणीतरी आलं. काहीतरी विचित्र बोललं, वेगळीच भाषा. आवाज मुलाचा होता. त्याला हाकलायला तिने दार उघडलं आणि दोन मोठे पिवळे डोळे दिसले, संपलं (डोळे चेंबरमधल्या, नजरेने मारणाऱ्या राक्षसी सापाचे, आणि ती भाषा सापांची). ते डोळे कुठे दिसले हेही ती सांगते, बेसिनपाशी.

इथं बरेच लोक थांबतात आणि प्लॉटहोल, म्हणजे कथेतली गफलत, म्हणून मोकळे होतात. थांबू नका, बाकीची पुस्तकं काढा. पहिली शंका येते की तेव्हा ती भूत झाली होती का, कदाचित नंतर आली असेल. चौथ्या पुस्तकात प्रीफेक्टच्या (विद्यार्थी-प्रमुखांच्या) बाथरूममधल्या प्रसंगात मर्टल स्वतः सांगते की तिचं प्रेत सापडायला तासन् तास लागले आणि ती तिथंच बसून वाट बघत होती. मग मुख्याध्यापक डिपेटनी शोधायला सांगितलं म्हणून ऑलिव्ह आली आणि तिने पाहिलं. म्हणजे प्रेत सापडायच्या आधीपासून साक्षीदार जागेवर हजर! त्यानंतर ती ऑलिव्हच्या मागे लागली, तिच्या भावाच्या लग्नात पण गेली, शेवटी ऑलिव्हने मंत्रालयात तक्रार केली आणि मर्टलला परत त्या बाथरूममध्ये यावं लागलं. म्हणजे मधला काही काळ ती शाळेत नसेलही, पण तपासाच्या वेळी होती.

हे सगळं दोन पुस्तकांतून आलं. आता पुढची पायरी लागते.

पायरी ४: त्या क्षणी कुणाला काय माहीत होतं

ही पायरी चुकली की थिअरी कोसळते. आपल्याला सगळं माहीत असतं, पात्राला नसतं, म्हणून एका कागदावर रकाने करा, एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला त्या दिवसापर्यंत त्याला काय ठाऊक.

मर्टल: रिडलचं नाव तिला कळलेलं नाही, फक्त मुलगा, वेगळी भाषा, पिवळे डोळे, बेसिन.
डिपेट: शाळा बंद पडायची वेळ आलीय, समोर एक हुशार, अनाथ, प्रीफेक्ट असलेला मुलगा आहे जो गुन्हेगार हजर करतोय. डिपेटला रिडल सापांशी बोलतो हे माहीत असल्याचं कुठंच दिसत नाही.
हॅग्रिड: त्याच्याकडे पाळलेला राक्षसी कोळी अ‍ॅरागॉग आहे, आणि अ‍ॅरागॉग नंतर सांगतो की मी ज्या कपाटात वाढलो त्याच्या बाहेरचा किल्ला मी पाहिलाच नाही.
डंबलडोर: तेव्हा ट्रान्सफिगरेशन शिकवतात, मुख्याध्यापक नाहीत. पण सहाव्या पुस्तकात आपण बघितलंय की अनाथालयात पहिल्याच भेटीत रिडलने त्यांना स्वतःहून सांगितलं होतं, मी सापांशी बोलू शकतो. आणि त्यांनी ते बाकी शिक्षकांना सांगितलं नाही, त्याला सुधारायची संधी मिळावी म्हणून.

लक्षात आलं का? मर्टलच्या साक्षीचा अर्थ लावू शकेल असा एकच माणूस दिसतो त्या किल्ल्यात, आणि त्याच्याकडे तपास नव्हता. डिपेटने मर्टलला विचारलं असतं तरी 'विचित्र भाषा' ऐकून त्यांनी खांदे उडवले असते. डंबलडोरनी विचारलं असतं तर बहुतेक त्याच संध्याकाळी उलगडा झाला असता. म्हणून जर-तर असं मांडायचं: १९४३ मध्ये मर्टलशी बोलायला डंबलडोर गेले असते तर? बघा किती छोटा बदल आहे, कुणाचा स्वभाव बदलला नाही, कुणाला जास्तीची अक्कल दिली नाही, फक्त एक माणूस एका बाथरूममध्ये गेला.

मग ते गेले का नाहीत हा प्रश्न उरतो आणि त्याचं उत्तर पुस्तकात नाही. मला वाटतं चिडका, रडका, नकोसा मुलगा-मुलगी असली की मोठी माणसं त्यांच्याकडून कामाची माहिती मिळेल असं धरतच नाहीत, जिवंत असताना मर्टलला कुणी ऐकलं नाही आणि मेल्यावर तेच चालू राहिलं. हे माझं मत आहे, पुरावा नाही, आणि लिहिताना मी ते तसंच लिहिते.

हीच पायरी वापरून काही लाडकी जर-तर बाद पण होतात, ते वाईट वाटून घेऊ नका. उदाहरणार्थ क्रीचर, सिरियसच्या घरचा एल्फ. खरं लॉकेट (ज्यात व्होल्डेमॉर्टच्या आत्म्याचा तुकडा होता) ग्रिमॉल्ड प्लेसमध्येच, म्हणजे सिरियसच्याच घरात होतं, क्रीचरला सगळं माहीत होतं, मग सिरियसने त्याला नीट वागवून विचारलं असतं तर डंबलडोरना त्या गुहेत जावंच लागलं नसतं, असं खूप जण म्हणतात. ऐकायला छान आहे. पण सातव्या पुस्तकात क्रीचर सांगतो की सिरियसच्या भावाने, रेग्युलसने, त्याला हुकूम दिला होता, घरातल्या कुणालाही सांगायचं नाही. सिरियस घरातलाच! त्याने कितीही प्रेमाने विचारलं असतं तरी क्रीचरचं तोंड बांधलेलं होतं. हॅरी घरातला नव्हता, त्याला सांगता येत होतं, पण सहाव्या पुस्तकात हॅरीला काय विचारायचं हेच ठाऊक नाही, आर. ए. बी. ची (म्हणजे रेग्युलसची) चिठ्ठी सापडते तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणजे हे जर-तर चालवायला दोन-तीन गोष्टी बदलाव्या लागतात, आणि मग ते राहू द्यावं. (सिरियसने क्रीचरला चांगलं वागवायला हवं होतं हे वेगळं, ते मला शंभर टक्के मान्य आहे, त्याचा परिणाम पाचव्या पुस्तकाच्या शेवटी त्यालाच भोगावा लागला.)

पायरी ५: एकच गोष्ट बदला, मग साखळी ओढा आणि किंमत बघा

नेव्हिलचं घेऊ, कारण प्रत्येक नवीन माणूस यावर येतोच. व्होल्डेमॉर्टला हरवू शकेल अशा मुलाची भविष्यवाणी दोन मुलांना लागू पडत होती, नेव्हिल ३० जुलैचा, हॅरी ३१ जुलैचा, दोघांच्या आईबापांनी व्होल्डेमॉर्टला तीनदा तोंड दिलेलं. व्होल्डेमॉर्टने हॅरी निवडला. नेव्हिल निवडला असता तर? नवीन लोकांचं उत्तर ठरलेलं असतं, नेव्हिलला खूण, नेव्हिल हिरो, हॅरी बाजूला.

आता साखळी ओढा. स्नेपने भविष्यवाणीचा अर्धा भाग ऐकून मालकाला सांगितला. निशाणा लिली आहे हे कळल्यावर तो डंबलडोरकडे धावला. निशाणा लाँगबॉटम असते तर तो धावला असता का? मला नाही वाटत, त्याचं तिथं कुणी नव्हतं. म्हणजे डंबलडोरना आतली खबर देणारा माणूस गेला. पुढे, लिलीला व्होल्डेमॉर्टने बाजूला हो म्हणून संधी दिली कारण स्नेपने तिचा जीव मागितला होता, आणि तिने ती नाकारली म्हणून हॅरीला ते संरक्षण मिळालं. अ‍ॅलिस लाँगबॉटमसाठी कुणी जीव मागितला असता? कुणीच नाही. तिला संधीच नाही, मग संरक्षण नाही, मग शाप उलटत नाही. म्हणजे नेव्हिल हिरो होत नाही, नेव्हिल वर्षाचा असताना मरतो, ३१ ऑक्टोबर १९८१ ला व्होल्डेमॉर्ट पडत नाही, आणि पीटर तसाच सगळ्यांच्या विश्वासातला हेर म्हणून राहतो, आधीच वर्षभर तो खबरा देत होता.

भयंकर आहे ना? पण हे खरं जर-तर. यावर उलट बाजू पण मांडा: फ्रँक आणि अ‍ॅलिस दोघंही ऑरर (काळी जादू करणाऱ्यांना पकडणारे) होते, ते लढले असते, कदाचित दुसऱ्या कुठल्या वाटेने मूल वाचलं असतं. मांडा, जोरात मांडा, फक्त ती वाट काय ते सांगा.

किंमत बघायची म्हणजे चांगल्या बदलाचं पण काय जातं ते बघायचं. मर्टलवाल्या जर-तरमध्ये हॅग्रिडची कांडी तुटत नाही, तो शिकून पूर्ण होतो, मला याचा एवढा आनंद होतो की बस. पण तो शाळेतून निघाल्यावरच डंबलडोरनी डिपेटच्या मागे लागून त्याला किल्ल्यावर ठेवून घेतलं होतं ना, मग शिकलेला हॅग्रिड कदाचित ड्रॅगनच्या मागे रोमानियाला गेला असता आणि त्या झोपडीत कुणी दुसराच असता. साखळी दोन-तीन कड्यांपर्यंत ओढा, त्यापुढे नुसती कल्पना उरते, मग थिअरी सोडून सरळ फॅनफिक लिहा, तेही मस्तच असतं.

पायरी ६: तीन रंग

लिहून झालं की तीन रंग घ्या. पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं एका रंगात, त्यावरून काढलेला निष्कर्ष दुसऱ्या, आणि निव्वळ तुमच्या मनातलं तिसऱ्या. तिसऱ्याला लोक हेडकॅनन म्हणतात आणि त्यात कमीपणा काही नाही, पण ते पहिल्या रंगात घुसवलं की वाचणारा एका झटक्यात पकडतो आणि मग तुमचे खरे पुरावे पण कुणी बघत नाही. पोस्टमध्ये रंग द्यायची गरज नाही, 'पुस्तकात आहे', 'यावरून वाटतं', 'माझ्या मनात असं आहे' एवढे शब्द पुरतात.

पायरी ७: लोकांसमोर ठेवताना

शीर्षकात जर-तर पूर्ण लिहा, 'एक भन्नाट थिअरी' असलं काही नको, लोक त्यावर क्लिक करतात आणि चिडतात. कुठल्या पुस्तकापर्यंत स्पॉयलर आहे ते पहिल्या ओळीत. कॅनन काय धरलंय ते दुसऱ्या ओळीत. आधी कुणी हेच मांडलं असेल (बहुतेक असतंच, इतकी वर्षं झाली) तर तसं म्हणा आणि तुमचं नवीन काय ते सांगा. कुणी तुमच्याविरुद्ध पान दाखवलं तर आभार मानून थिअरी दुरुस्त करा. आणि एखाद्याचं लाडकं पात्र तुम्हाला आवडत नसेल तर पात्राबद्दल बोला, त्या माणसाबद्दल नको, स्नेपवरून झालेली भांडणं बघून किती नवीन लोक परत येतच नाहीत, मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण नवीन डोळ्यांनाच न विचारलेली माणसं आधी दिसतात.

सुरुवातीला हात बसवायला हे घ्या, मी मुद्दाम उत्तर देत नाही:

विंकी, क्राउच घराण्याची एल्फ. वर्ल्ड कपच्या वेळी तिच्या शेजारच्या रिकाम्या दिसणाऱ्या खुर्चीत कोण बसलंय हे तिला माहीत होतं, नंतर ती हॉगवॉर्ट्सच्याच स्वयंपाकघरात होती आणि मालकाचं गुपित सांभाळतेय असं हॅरी-रॉन-हर्मायनीच्या तोंडावर म्हणाली. तिला तिथं कुणी, कसं विचारलं असतं तर ती बोलली असती? हुकूम कुणाचा चालत होता ते आधी तपासा.

पेट्युनिया. लहानपणी तिने डंबलडोरना पत्र लिहिलं होतं, मलाही शाळेत घ्या म्हणून, आणि त्यांचं प्रेमळ नकाराचं उत्तर आलं. स्नेप आणि लिलीने ते पत्र वाचलं नसतं तर दोघी बहिणींचं काय झालं असतं?

जेम्स. सीक्रेट कीपर व्हायला डंबलडोर स्वतः तयार होते, जेम्सने सिरियसचंच नाव धरलं, आणि नंतर सिरियसने पीटरचं सुचवलं. तेव्हा सिरियसला लुपिनवर संशय होता आणि लुपिनला सिरियसवर. पायरी चारचे रकाने काढा, चौघांचे, आणि मग बघा त्या आठवड्यात पीटरला सरळ प्रश्न कोण विचारू शकलं असतं.